एका होकाराचा हिशेब

दसऱ्याच्या सकाळी आमच्या घरी दोन पूजा होतात. देवघरातली सौभाग्यवती करते आणि अंगणातली मी करतो. अंगणातला देव म्हणजे १९६६ सालची एक जावा मोटारसायकल. तिला अंघोळ घालायची, चाकांच्या तारा एकेक करून पुसायच्या, हँडलला झेंडूची माळ आणि टाकीवर गंधाचे बोट लावायचे, एवढाच काय तो विधी. पण त्याला मला दीड तास लागतो. देवघरातली पूजा अर्ध्या तासात आटोपते, यावर घरात दरवर्षी काही बोलणे होते. ते इथे सांगण्याचे कारण नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या दसऱ्याला, पुण्याहून माझी नात आली होती. वय वर्षे नऊ. ती बराच वेळ पायरीवर बसून माझी लगबग पाहत होती. मग तिने विचारले, "आजोबा, ही खरंच पणजोबांची गाडी आहे?"

"म्हणजे काय! अगदी त्यांचीच."

"मग हिच्यात पणजोबांच्या वेळचं काय काय आहे?"

मी मोठ्या अभिमानाने मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच मिनिटाला अडखळलो. टायर त्या वेळचे नव्हते, हे उघडच आहे. चेन आणि तिची दातेरी चक्रे तीनदा बदलली. चाकांच्या तारा दोनदा. सीट नवी, वायरिंग नवे, रंग तर किती वेळा दिला याची गणती नाही. पिस्टन चौथा. राहता राहिले काय, तर सांगाडा, टाकी, मडगार्डे, पुढच्या दिव्याचे कवच आणि इंजिनाची बाहेरची पेटी. मी तेवढे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि आतलं?"

मुलांच्या प्रश्नांना टाळण्याची विद्या आजोबांना चांगली अवगत असते. मी म्हणालो, "आता आरती करू या." पण 'आतलं' हा शब्द माझ्या मनात जो रुतून बसला तो दिवसभर निघाला नाही. का, ते सांगण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

ही गाडी माझ्या वडिलांनी घेतली तेव्हा मी त्या नातीएवढाच होतो. जावा हे मूळचे चेकोस्लोव्हाकियातले नाव. यानेचेक नावाच्या गृहस्थांनी वाँडरर कंपनीच्या गाडीचा परवाना घेऊन १९२९ साली तिथे मोटारसायकली बनवायला आरंभ केला आणि आपल्या नावाची दोन अक्षरे वाँडररच्या दोन अक्षरांना जोडली. आपल्याकडे १९६१ पासून म्हैसूरच्या कारखान्यात ही गाडी तयार होऊ लागली. हे सारे वडील पाहुण्यांना कौतुकाने सांगत. आईची व्युत्पत्ती मात्र निराळी होती. ती म्हणे, "एकुलत्या एका मुलाशी लग्न केलं, म्हटलं बरं झालं, जावांचा जाच नाही. तर ह्यांनी दारात जावाच आणून उभी केली!" पुढे ती गाडीला 'जाऊबाई' म्हणू लागली, आणि घरात तेच नाव रूढ झाले.

पण जाऊबाईंशी आईचे खरोखर वैर नव्हते. १९६८ च्या डिसेंबरात वडिलांनी तिला मागे बसवून साताऱ्याहून थेट म्हैसूर गाठले. कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, हुबळी, चित्रदुर्ग असे मुक्काम करीत नऊ दिवसांत ती दोघे जाऊन आली. मी आजीजवळ राहिलो होतो. परतल्यावर वडील वृंदावन बागेपेक्षा यादवगिरीतल्या त्या कारखान्याच्या फाटकाविषयीच अधिक बोलत. "जाऊबाईंना माहेरी नेऊन आणलं," असे आई हसून सांगे. तिच्या उभ्या आयुष्यात तेवढाच एक लांबचा प्रवास झाला.

वडिलांना एक सवय होती. गाडीचा प्रत्येक खर्च ते एका वहीत लिहीत. तारीख, काय बदलले, कुणाकडून घेतले, किती दिले. "पिस्टन. पुणे. दुकानदार सज्जन." "ट्यूब. कराड. महाग दिली." १९९४ साली ते गेले तेव्हा गाडीबरोबर ही वहीही माझ्याकडे आली, आणि मी ती त्याच पद्धतीने पुढे चालवली.

पुढे दोनच वर्षांनी, १९९६ साली, म्हैसूरचा कारखाना बंद पडला. त्या दिवसापासून जाऊबाईंचे माहेर तुटले. मोटारसायकल बिघडणे आणि माहेर नसलेली मोटारसायकल बिघडणे यांत किती अंतर आहे, हे ज्याच्यावर प्रसंग आला आहे त्यालाच कळेल. पूर्वी दुकानात जाऊन भागाचे नाव सांगितले की भाग मिळे. आता प्रत्येक भाग हुडकावा लागतो. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे माझे कित्येक रविवार गेले. मुंबईचा चोरबाजार पालथा घातला. दिल्लीच्या करोलबागेतल्या गल्ल्या, जिथे मोटारसायकलींच्या सुट्या भागांखेरीज दुसरे काही दिसतच नाही, त्याही पाहून आलो. लोक दिल्लीला लाल किल्ला पाहतात. मी क्लचच्या चकत्या पाहिल्या.

या शोधाचेही एक शास्त्र आहे. जुना भाग नमुना म्हणून पिशवीत घेऊन जायचा, तोंडी वर्णनावर विसंबायचे नाही. माप घेण्यासाठी व्हर्नियर जवळ ठेवायचा. कारखान्याचा मूळ ठसा भागावर आहे का ते पाहायचे. पण ठसेही नकली निघतात, म्हणून धातूचे वजन हाताने अजमावायचे. मूळ वेष्टनातला, कधीच न वापरलेला भाग मिळाला म्हणून हुरळून जायचे नाही. लोखंड वेष्टनात टिकते, रबर टिकत नाही. तीस वर्षे पुडीत राहिलेले तेलाचे सील दिसायला नवे कोरे असते, पण बोटाने वाकवून पाहिले की बिस्किटासारखे तुटते. न वापरल्याने वस्तू तरुण राहते, हा माणसाचा एक गोड गैरसमज आहे.

आणि भाग मिळाला तरी तो बसवणारा हवा. आमच्या मिस्त्रींची ख्याती अशी की ते इंजिनाला हात लावण्याआधी त्याचे बोलणे ऐकून घेतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या पेटीवर टेकवायचे आणि मूठ कानाला लावायची. डोळे मिटलेले. मग एकदम म्हणणार, "मास्तर, पिस्टन नाही, खालचा आवाज आहे." या गाडीत एकच पायदांडी दोन कामे करते, आत दाबून वर उचलली की तीच गाडी चालू करण्याची किक होते, आणि खाली आणली की तीच गिअर बदलते. नवी मुले ती पाहून चक्रावतात. मिस्त्री त्यांना ती वेळ न मोजता समजावून सांगतात. पण शिकायला कुणी थांबत नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा मोठ्या शोरूममध्ये नोकरीला आहे; तिथे गाडीला यंत्र जोडले की दोष पडद्यावर उमटतो, कान लावावा लागत नाही. मिस्त्रींना त्याचे दुःख नाही. "त्याच्या गाड्या निराळ्या, माझ्या निराळ्या," असे ते म्हणतात. मला मात्र वाटते, की सुट्या भागांचा तुटवडा हा खरा तुटवडा नव्हेच. असे कान आता दुर्मिळ होत चालले आहेत.

असो. नातीच्या प्रश्नाकडे वळतो. एकेक भाग बदलत गेला तर वस्तू तीच राहते का, हा प्रश्न फार जुना. ग्रीकांच्या थीसियस राजाचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले होते. फळी कुजली की ते नवी बसवीत. प्लुटार्क सांगतो, की हे जहाज तेच की निराळे यावर तत्त्वज्ञांचे वाद होत. सतराव्या शतकात हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यात आणखी एक पाचर मारली. समजा, काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कुणी गोळा करून त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर मग खरे जहाज कोणते?

आपल्याकडचे उत्तर मला अधिक जवळचे वाटते. मिलिंदप्रश्न या ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला विचारतो, की महाराज, आपण रथातून आलात. तर रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ आहे तरी कुठे? शेवटी उलगडा असा होतो, की या साऱ्या भागांच्या आधाराने चाललेले ते एक नाव आहे, व्यवहार आहे.

आमच्या परिवहन कार्यालयाचे तत्त्वज्ञान याहून सुटसुटीत. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे दोन आकडे, एक सांगाड्यावर कोरलेला आणि एक इंजिनाच्या पेटीवर. पंधरा वर्षांनी आणि नंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना ते आकडे जुळले की गाडी तीच. आत काय आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. आणि बाजाराचे तत्त्वज्ञान तिसरेच. २०१८ साली जावा हे नाव घेऊन एक नवी गाडी बाजारात आली. दिसायला जुन्या गाडीची आठवण देते, पण तिच्या इंजिनातला एकही भाग आमच्या इंजिनाला चालायचा नाही. म्हणजे ग्रीकांनी नाव राखून फळ्या हळूहळू बदलल्या. इथे सगळे जहाज एकदम बदलून नाव तेवढे राखले.

हे सारे मला ठाऊक होते, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी मी नातीला रथाची गोष्ट सांगितलीही. तिला ती आवडली. पण झोपताना माझ्या ध्यानात आले, की मी तिला तत्त्वज्ञान सांगितले ते उत्तर देण्यासाठी नव्हे, उत्तर चुकवण्यासाठी. तिने विचारले होते 'आतलं'. ती वही काढून मी पाहिली. २०१९ सालच्या पानावर माझ्याच अक्षरात एक ओळ होती, "क्रँक बदलला." कुणाकडून, ते नव्हते. किती दिले, ते नव्हते. वडिलांच्या आणि माझ्या मिळून त्रेपन्न वर्षांच्या नोंदींत कोरी जागा सोडलेली ती एकच ओळ.

ती कोरी का राहिली, ते आता सांगतो.

२०१८ च्या दिवाळीनंतर मी एकटाच कोल्हापूरला निघालो होतो. ही गाडी पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालते. इंजिनाच्या आतल्या भागांना वंगण मिळते ते त्या मिसळलेल्या तेलाचेच. टाकी भरताना कुणाशी तरी बोलण्याच्या नादात मी तेल घालायला विसरलो. बावन्न वर्षांत वडिलांच्या हातून किंवा माझ्या हातून असे कधी झाले नव्हते. कराड ओलांडल्यावर इंजिन कण्हू लागले आणि थोड्याच अंतरावर एकदम जाम झाले. टेंपोत घालून गाडी परत आणली.

मिस्त्रींनी इंजिन उघडले. क्रँक म्हणजे दोन जड लोखंडी चकत्या आणि त्यांना जोडणारी, दाबून बसवलेली एक पिन. त्या पिनेवर पिस्टनचा दांडा फिरतो. मिस्त्रींनी ती पिन पुसून माझ्यासमोर धरली. पोलाद तापून निळे पडले होते. ते एक शब्दही बोलले नाहीत. मला बोलणी बसली असती तर बरे वाटले असते.

पिन बदलता आली असती, पण तापलेली पिन आपल्या भोकात फिरल्यामुळे भोकेच सैल झाली होती. नवी पिन तिथे धरून राहिना. दिल्लीहून नव्या बनावटीचा नकली क्रँक मागवला. मिस्त्रींनी तो दोन टोकांमध्ये टांगून फिरवला आणि त्याच्या कडेला डायल गेज लावला. चांगला क्रँक फिरताना काटा जेमतेम थरथरतो. हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा असतो. या क्रँकवर काटा नाचू लागला. तांब्याच्या हातोड्याने त्यांनी दोन दिवस तो सरळ करून पाहिला आणि मग मुकाट्याने पुन्हा खोक्यात घातला. "हा बसवला तर सहा महिन्यांत पेटी फोडेल," एवढेच म्हणाले.

काही आठवड्यांनी मिस्त्रींना बातमी लागली. माण तालुक्यातल्या एका गावात गोठ्यात एक जावा उभी आहे. मालक जनावरांचे डॉक्टर होते, वारून दहा वर्षे झाली. बाई एकट्या असतात. भंगारवाला दोन हजार देऊ करतो आहे.

आम्ही दोघे गेलो. गाडी कडब्याच्या पेंढ्यांखाली होती. टायर जमिनीला चिकटलेले, टाकीत गंज, पण किक दाबून पाहिली तर इंजिन अडलेले नव्हते. मिस्त्रींनी चाक धरून हलक्या हाताने मागेपुढे केले, कान लावला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. परतताना रस्त्यात विचार करू, असा माझा बेत होता. पण ती मान हलताच माझे मन ठरून गेले.

बाईंनी चहा दिला. साठीच्या पुढच्या, बोलायला स्पष्ट. म्हणाल्या, "ह्यांनी हिच्यावर सारा तालुका पालथा घातला. रात्री-अपरात्री गाय अडली की हीच गाडी." मग थेट विचारले, "रस्त्यावर आणणार न्हवं हिला?"

मी म्हणालो, "हो."

वाचकहो, या 'हो'ची जरा चिरफाड करू या. मी खोटे बोललो का? क्रँक रस्त्यावर येणारच होता. गाडीचे काळीज पुन्हा धावणार होते. वकिलाला विचाराल तर तो मला निर्दोष सोडवील. पण बाईंनी 'हिला' म्हटले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे काय होते आणि माझ्या मनात काय होते, हे मला पक्के ठाऊक होते. त्यांना दिसत होती वेशीतून जाणारी एक सबंध गाडी. मला दिसत होत्या खोक्यांत लावून ठेवलेल्या वस्तू. मी त्यांच्या हातावर सात हजार ठेवले. भंगारवाल्याच्या साडेतीन पट, म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली. पुण्यात अशा गाडीचे पन्नास हजार सहज मागतात, हे मला माहीत होते. त्यांना नव्हते.

पुढच्या आठवड्यात मिस्त्रींनी ती गाडी सोडवली. क्रँक आमच्या इंजिनात गेला आणि जाऊबाई पुन्हा बोलू लागल्या. उरलेले भाग पुसून, तेल लावून, चिठ्ठ्या डकवून नऊ खोक्यांत भरले आणि ती खोकी माझ्या माळ्यावर चढवली. आयुष्याची बेगमी झाली. आमच्या गाडीचे दोन्ही आकडे जागच्या जागी असल्यामुळे सरकारी कागदावर काही फरक पडला नाही. त्या दुसऱ्या गाडीची नोंदणी रीतसर रद्द करून घ्यायला हवी होती, तीही मी केली नाही. म्हणजे कागदावर ती गाडी अजून माण तालुक्यात उभीच होती.

ओडिशात पुरीला जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती ठरावीक काळाने नव्या घडवतात. त्याला नवकलेवर म्हणतात. अलीकडे १९९६ आणि २०१५ साली तो विधी झाला. जुन्या मूर्तीतले ब्रह्म नव्या मूर्तीत ठेवतात, आणि ठेवणाऱ्या सेवकांचे डोळे बांधलेले असतात. पण मला विशेष वाटते ते त्याच्या पुढचे. जुन्या मूर्ती मंदिराच्या आवारात पुरतात आणि ते सेवक घरचे माणूस गेल्यासारखे सुतक पाळतात. नव्याचा उत्सव करण्याआधी जुन्याचे देणे फेडतात. मी काळीज काढून घेतले होते, पण सुतक पाळले नव्हते. उलट कुणी विचारू नये म्हणून वहीत जागा कोरी सोडली होती.

जुन्या वस्तू जपणाऱ्यांना एक सूक्ष्म गर्व असतो. जग सारे फेकून देते, आम्ही तेवढे सांभाळतो, असे आम्हांला वाटत असते. पण एक जपण्यासाठी आम्ही किती मोडतो, हे कुणी मोजत नाही. चालती राहिलेली प्रत्येक जुनी गाडी दुसऱ्या कुठल्या तरी गाडीच्या हाडांवर उभी असते. त्यात पाप आहे असे मी म्हणत नाही. गोठ्यात गंजून जाण्यापेक्षा कामाला येणे केव्हाही चांगले. पाप असेल तर ते मोडण्यात नाही, मोडणार हे न सांगण्यात आहे. आणि वडिलांची आठवण जपण्याच्या नावाखाली दुसऱ्या कुणाच्या धन्याची आठवण आपण स्वस्तात घेतो, तेव्हा ती भक्ती राहत नाही. तिला व्यापार म्हणावा लागतो, आणि तोही सचोटीचा नव्हे.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी गाडी काढली. कोरेगाव मागे टाकून वर्धनगडचा घाट चढलो, पुसेगाव ओलांडले आणि दहिवडीच्या पुढे त्या गावी पोचलो. वाटेत दोनदा परत फिरावेसे वाटले. पाच वर्षांनी जाऊन सांगायचे तरी काय?

बाई अंगणात बाजरी पाखडत होत्या. त्यांनी मला ओळखले, मग गाडीकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "ही ह्यांची न्हाय."

"नाही," मी म्हणालो. "ही माझ्या वडिलांची. तुमच्या गाडीतला क्रँक हिच्यात बसवलाय. तुमची गाडी मी सोडवली. तेव्हा सांगितलं नाही."

त्या काही वेळ बोलल्या नाहीत. सूप खाली ठेवले. मग म्हणाल्या, "चालू करा बघू."

मी किक मारली. इंजिन पहिल्याच दणक्याला सुरू झाले. मला वाटले, आता त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. खरे सांगायचे तर तशी माझी अपेक्षाच होती. त्यांनी मान एका बाजूला कलती करून ऐकले, अगदी आमच्या मिस्त्रींसारखे. आणि म्हणाल्या, "न्हाय. असा न्हवता आवाज. ह्यांची गाडी अशी बोलत न्हवती. बंद करा."

मी बंद केली. गाडीचे काळीज म्हणून जे मी घेतले होते, त्यात त्यांच्या धन्याचे काहीच आले नव्हते. आवाज सिलिंडरचा असतो, नळकांड्यांचा असतो, चालवणाऱ्या हाताचा असतो. नागसेनाने मिलिंदाला जे सांगितले ते या बाईंनी मला एका वाक्यात सांगितले.

"सोडवणार ते मला तवाच दिसत हुतं," त्या म्हणाल्या. "कडब्यातली गाडी सबंध कोण चालवतंय? भंगारवाल्यानं तोंडावर सांगितलं, तोडणार म्हणून. तुम्ही हो म्हणालात. मास्तर माणूस, म्हटलं, खरं बोलत असंल."

यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. मी पाकीट काढून पुढे ठेवले. त्यात त्रेचाळीस हजार होते. किंमत काय होती आणि मी काय दिली होती, ते सांगितले. त्या नको म्हणतील अशी माझी अटकळ होती. त्यांनी नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि कमरेच्या पिशवीत ठेवल्या. "घेते," म्हणाल्या. "ही काय भीक न्हवं. किंमत हाय."

मग विचारले, "बाकीचं काय केलंत?"

"जपून ठेवलंय. नऊ खोकी आहेत."

"कुणासाठी?"

या प्रश्नाचे उत्तर मला देता येईना. माझे वय सदुसष्ट. माळ्यावरच्या सामानाला पुरून उरेल एवढे आयुष्य मला नाही आणि एवढे रस्तेही. बाई म्हणाल्या, "जपून काय करायचं? लागंल त्याला द्या. ह्यांच्या पिशवीतलं औषध कधी घरात न्हाय राहिलं." आणि पुन्हा सूप हाती घेतले. चहा या वेळी मिळाला नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे.

परतताना वर्धनगडच्या घाटात मी थांबलो. त्या एका शब्दाची क्षमा मला मिळाली होती का? मला वाटते, नाही. हिशेब पुरा झाला होता, एवढेच. क्षमा देणाऱ्याच्या हातात असते. हिशेब तेवढा आपल्या हातात असतो. आणि बहुतेक वेळा आपण हिशेब टाळतो, तो क्षमेची वाट पाहतो आहोत असे स्वतःला सांगून.

दिवाळीच्या आत मी नोंदणी रद्द करण्याच्या कामाला लागलो. त्यासाठी बाईंच्या सह्या लागल्या, म्हणून आणखी दोनदा गावी जाणे झाले. दुसऱ्या खेपेला चहा मिळाला. माळ्यावरची खोकी मिस्त्रींच्या दुकानात नेऊन ठेवली. विकायची नाहीत, ज्याची गाडी अडली असेल त्याने नमुना दाखवायचा आणि भाग न्यायचा, एवढीच अट. नऊपैकी चार खोकी आतापर्यंत रिकामी झाली. कराडचा एक तरुण गिअरची चक्रे घेऊन गेला. त्याच्या आजोबांची गाडी आहे. मिस्त्रींनी त्याला दोन रविवार शेजारी बसवून ती बसवायला लावली. तिसऱ्या रविवारी तो आपण होऊन आला. त्याचा कान बरा आहे, असे मिस्त्रींचे मत पडले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही पहिलीच स्तुती.

माझी खोकी रिकामी होताना प्रारंभी छातीत धस्स होई, हे कबूल करतो. उद्या आपलाच गिअर मोडला तर? मोडला तर हुडकू. ज्याने माझ्याकडचे नेले तोही कधी तरी कुणाला देईल, एवढा विश्वास ठेवायला हरकत नाही. कारखाना बंद झाल्यावर या गाड्या अठ्ठावीस वर्षे चालल्या त्या लोखंडाच्या साठ्यावर नव्हे. कुणी तरी माळ्यावरून काढून दिले, कुणी तरी बसवून दिले, म्हणून चालल्या.

आणि वहीतली ती ओळ मी पुरी केली. "क्रँक. माण तालुक्यातल्या एका जनावरांच्या डॉक्टरांच्या जावाचा. माझ्या चुकीमुळे लागला. किंमत पाच वर्षे उशिरा दिली." वडिलांच्या रिवाजाप्रमाणे पुढे शेरा हवा होता. 'बाई सज्जन' असे लिहिणार होतो, पण ते अपुरे वाटले. लिहिले, "बाईंनी आवाज ओळखला."

या वर्षीच्या दसऱ्याला नात पुन्हा यायची आहे. हा अंक आपल्या हाती पडेल तोवर तो दसरा होऊनही गेला असेल. पूजा झाल्यावर ती वही तिच्या हाती द्यायची, असे मी ठरवले आहे. 'आतलं' काय आहे ते तिने स्वतःच वाचावे. अक्षर आजोबांचे वाईट आहे. पण आता त्यात वाचता येणार नाही असे काही उरलेले नाही.